सोमवारच्या आत कौल हवा

शनिवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी दाजी गुरवानं रवळनाथाच्या पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या, एक उजवीकडे आणि एक डावीकडे, आणि हात जोडून तो मागे सरला. उजवी पाकळी आधी पडली, तर मी आणि जयवंत पालव नवरा-बायको राहणार नव्हतो. डावी पडली, तर राहणार होतो.

हे मला मान्य नव्हतं. मान्य जयवंतनं केलं होतं, आणि त्याच्या मान्यतेशिवाय माझं काम अडलं होतं.

कोल्हापूरच्या कौटुंबिक न्यायालयात आमचा परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज पडून होता. अशा अर्जात दोघांनी दोनदा हजर राहून 'हो' म्हणायचं असतं. पहिल्यांदा आम्ही म्हटलं होतं. दुसऱ्यांदा म्हणायची मुदत सोमवारी संपत होती. ती चुकली की सगळं पहिल्यापासून. त्याआधीच्या तारखांना जयवंत आलाच नव्हता. एकदा पॉलिटेक्निकच्या परीक्षा होत्या, एकदा ताप होता, आणि शेवटी एकदाचं त्यानं खरं कारण सांगितलं.

"गावी जाऊन देवाला विचारू. मग मी येतो."

"तू मेकॅनिकलचा मास्तर आहेस," मी फोनवर म्हटलं.

"आईचं समाधान होईल."

"लग्न आईचं मोडत नाहीये."

"तू पण ये. दोघं लागतात."

म्हणून मी रजा टाकून, शुक्रवारची एसटी धरून, फोंडा घाट उतरून त्याच्या गावी आले होते. मे महिना होता. देवळाच्या सभामंडपात पंखा होता, पण दाजीनं तो बंद केला होता. पंख्याच्या वाऱ्यानं पडलेली पाकळी देवानं दिलेली धरत नाहीत.

कौल म्हणजे काय, हे मला लग्नानंतर कळलं. आमच्या शिरोळकडे असलं काही नाही. तळकोकणातल्या गावात देवाला हो किंवा नाही असं उत्तर येईल असा प्रश्न विचारतात. उजवा कौल म्हणजे हो, डावा म्हणजे नाही. शिमग्याची पालखी कधी निघावी, विहीर कुठे खणावी, असल्या गोष्टींसाठी गाव विचारतं, ते समजू शकते. जयवंत मात्र सगळंच विचारायचा. म्हणजे तो आईला फोन करायचा, आई दाजीकडे जायच्या, दाजी पाकळ्या लावायचा, आणि दोन-चार दिवसांनी कोल्हापुरात आम्हाला कळायचं की राजारामपुरीतला फ्लॅट घ्यायचा नाही. तोवर तो फ्लॅट दुसऱ्या कुणी घेतलेला असायचा.

मी तेव्हा एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत होते. टँकर दारात आला की नमुना काढायचा, तपासायचा, पास करायचा किंवा परत पाठवायचा. मागे रांग लागलेली असते, ड्रायव्हर शिव्या घालत असतात, दूध तापत असतं. तिथं 'बघू' हे उत्तर चालत नाही. संध्याकाळी घरी आलं की दुसरं काही ऐकू येत नसे. पडदे कुठले घ्यायचे? बघू. दिवाळीला कुठं जायचं? बघू. तुला काय खायचंय? तू सांग.

सभामंडपात बारा-पंधरा माणसं जमली होती. आमच्या घटस्फोटासाठी एवढी माणसं कशाला, असं मी सासूबाईंना विचारलं होतं.

"व्हय म्हाराजा म्हणूक माणसा नको?" त्या म्हणाल्या. "गाऱ्हाणा काय एकट्यानं घालतत?"

गाऱ्हाणं घालायचा मान जयवंतच्या चुलत्यांचा, नानूकाकांचा. सत्तरीचे, उघडे, कमरेला पंचा, आवाज मात्र पडवीतून शेतापर्यंत जाणारा. त्यांनी नारळ हातात घेतला आणि सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा, बारा-पाचाच्या धन्या."

"व्हय म्हाराजा," माणसं म्हणाली.

"आज ह्या पालवांच्या घराण्यातला लेकरू जयवंत आणि तेची अस्तुरी शैलजा, तुझ्या पायाकडे इली हत."

"व्हय म्हाराजा."

"दोघांचा एकमेकांत पटत नाय."

"व्हय म्हाराजा."

"एका घरात रवतत, पण एक दुसऱ्याचा तोंड बघूक तयार नाय."

"एका घरात राहत नाही," मी म्हटलं. "मी वेगळी राहतेय. कोर्टात तसं लिहून दिलंय."

नानूकाका थांबले. माणसं 'व्हय' म्हणायच्या बेतात होती, तीही थांबली. दाजी गुरव मागे वळून म्हणाला, "वहिनी, मधी बोलाचा नसता."

"चुकीचं सांगताहेत ते."

"देवाक सगळा म्हायत आसा," नानूकाका म्हणाले.

"मग सांगताय कशाला?"

मागे कुणीतरी हसलं. जयवंत माझ्या शेजारी उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. खालच्या आवाजात म्हणाला, "शैला, होऊ दे ना."

"होऊ दे" हा त्याचा दुसरा शब्द. पहिला 'बघू'.

नानूकाकांनी धागा परत उचलला. "लग्नाक इतकी वर्सा झाली. पोटाक पोर नाय."

"व्हय म्हाराजा," माणसं एका आवाजात म्हणाली. त्यांच्यात रेशन दुकानवाला होता, शाळेचे शिपाई होते, आणि दोन माणसं अशी होती की ज्यांना मी त्यापूर्वी कधी पाहिलंही नव्हतं.

त्या वेळी मात्र मी काही बोलले नाही.

कारण तेही विचारलेलं होतं. लग्नाला चार-पाच वर्षं झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी उपचार सांगितले होते. खर्चाचं, त्रासाचं, शक्यतेचं सगळं नीट समजावून सांगितलं होतं. वय चाललंय, उशीर करू नका, असंही सांगितलं होतं. जयवंतनं सगळं ऐकून घेतलं, आणि बाहेर आल्यावर आईला फोन लावला. कौल डावा आला. पुढच्या वर्षी पुन्हा विचारला, पुन्हा डावा. त्याच्या पुढच्या वर्षी उजवा आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझे रिपोर्ट पाहिले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, आता मी तुम्हाला आशा लावणार नाही. त्या दिवशी मी घरी येऊन आरडाओरडा केला नाही. जयवंतला एवढंच विचारलं, की तुला स्वतःला मूल हवं होतं का? तो म्हणाला, "आता काय सांगू?" मी बॅग भरायला घेतली ती त्यानंतर काही महिन्यांनी, पण मनानं सुटले मी त्या उत्तरालाच.

"दोघांची फारकत होवची आसात तर उजवो दी," नानूकाका म्हणाले, "होवची नसात तर डावो दी. कसो तो सोक्षमोक्ष कर आणि लेकरांका मार्गाक लाव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मग वाट पाहणं सुरू झालं.

नऊ वाजले. पाकळ्या जिथल्या तिथं होत्या. साडेनऊला दाजीच्या खिशातला मोबाइल वाजला. दुसऱ्या वाडीतल्या देवळात त्याला सत्यनारायणाला जायचं होतं, ते लोक खोळंबले होते. "हय अजून देव बोलाक नाय," त्यानं फोनवर सांगितलं. "तुम्ही केळीचे खांब बांधून घेवा." माणसं बसली, मग आडवी झाली, मग एकेक करून विडी ओढायला बाहेर गेली. घाम सगळ्यांच्या पाठीवर होता. मी दुपारच्या एसटीचं तिकीट काढून ठेवलं होतं.

"किती वेळ लागतो?" मी दाजीला विचारलं.

"कधी लगेच पडता. कधी दुपार होता."

"आणि पडलीच नाही तर?"

"पडता. ओली पाकळी सुकली की पडताच."

"मग देवाचं काय त्यात?"

दाजीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पंखा लावायला सांगितला होता. "खयची आधी सुकता, ता कोण ठरवता?"

जयवंत खांबाला टेकून बसला होता. डोळे पाषाणावर. एकोणपन्नासचा माणूस, कानाशी केस पांढरे, अंगात अजून मी घेतलेला शर्ट. विद्यार्थ्यांना तो लोखंडी तुळई किती वजन पेलेल हे शिकवतो. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"जयवंत, एक सरळ प्रश्न. पाकळी जाऊ दे. तुला काय हवंय?"

"आता थोडाच वेळ राहिलाय."

"मी वेळ विचारला नाही."

"इथं नको ना हे बोलायला."

"इथं तर पंधरा माणसांनी माझ्या पोटाचा विषय काढला. आता तुला लाज वाटते?"

त्यानं नजर पुन्हा पाषाणाकडे वळवली. मी उठले आणि बाहेर गेले.

बाहेर पिंपळाच्या पारावर सासूबाई पायांवर पदर ओढून बसल्या होत्या. कुणीतरी किटलीतून चहा आणला होता. त्यांनी मला जागा करून दिली, पण माझ्याकडे न बघता.

"रातीक जेवलंस नाय," त्या म्हणाल्या.

"भूक नव्हती."

"माझ्या घरात तुका कधी भूक लागाक नाय."

"तुमची सोलकढी आवडायची मला. ती तुम्ही माझ्या वाटीत कधी जास्त घातली नाहीत."

त्यांनी तोंड वळवलं. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "खरा सांगू? तेव्हा माका तू नको होतंस. घाटावरचा चेडू, जात येगळी, मासे खाणा नाय. आता तू नाय तर हो जेवणा नाय. माझा काय? दोन्हीकडून मरण माझाच."

"मग देवाला डावा मागायचा होता तुम्ही."

"मागूक येता काय?" त्या म्हणाल्या. "मागूक इला असता तर तेव्हाच नसता मागलंय?"

हे मला नीट कळलं नाही. कळेल असं त्यांनाही वाटलं नसावं. तेवढ्यात दाजी चहा घ्यायला बाहेर आला. बशीत चहा ओतून, फुंकर मारून, अगदी सहज म्हणाला, "पालवांच्या घराचे कौल कडकच. ह्यांच्या लग्नाच्या टायमाक पण अशीच वाट बघली होती आमी. तीनदा लावलंय. तीनदा डावो."

"दाजी," सासूबाई म्हणाल्या.

"काय म्हणालात?" मी म्हटलं.

"दाजी, च्या पी आणि आत जा."

"अहो, आता काय लपवूचा हा? फारकतच होता मा?" दाजी माझ्याकडे वळला. "तिसऱ्यांदा डावी पडली तसो हो जयवंत उठलो. ह्येच्या बापाशीन सांगलो, आता विषय संपलो. तर हो म्हणालो, संपलो नाय, माझा लगीन ठरला हा. आणि चपला घालून थेट एसटीक. देवाक पाठ करून गेलो. आमच्या गावात असा कोणी केलेला नाय. नानू तर म्हणा होतो, ह्येका वाळीत घाला."

मला तो सोमवार आठवला. जयवंत विद्यार्थी घेऊन आमचा प्लांट बघायला आला होता, तिथं ओळख झाली होती, आणि पुढं दोन-तीन महिन्यांत त्यानं मला विचारलं होतं. घरचं मी बघतो, म्हणाला होता. मग एका सोमवारी सकाळी प्लांटच्या गेटवर चुरगळलेल्या शर्टात उभा होता. रात्रीच्या एसटीनं आलेला. "ठरलं," एवढंच म्हणाला. मी समजले, घरचे तयार झाले. लग्नाला त्याच्याकडची चारच माणसं आली, तर मी समजले, घाट चढून यायचं म्हणून.

मी आत गेले. जयवंत तिथंच, खांबाला टेकून.

"बाहेर ये."

"पाकळी—"

"बाहेर ये म्हटलं ना."

तो आला. आम्ही विहिरीच्या बाजूला गेलो.

"आपल्या लग्नाचा कौल लावला होता?"

त्यानं आधी आईकडे पाहिलं, मग दाजीकडे. "हो."

"तीनदा?"

"हो."

"आणि तीनदा डावा."

"शैला, आता त्याचं—"

"तू मला सांगितलं नाहीस."

"सांगून काय झालं असतं? तू घाबरली असतीस."

"मी? मी फुलाच्या पाकळीला घाबरले असते?"

"मग मी घाबरलो असतो," तो म्हणाला. "घाबरलोच होतो."

तो काय म्हणतोय हे मला लगेच कळेना. विहिरीच्या रहाटावर हात ठेवून तो उभा होता. आम्ही दोघंही मोठ्यानं बोलत होतो, हे नंतर लक्षात आलं. विडीवाले विड्या हातात धरून जवळ आले होते.

"एकदा देवाला डावललं होतं," जयवंत म्हणाला. "म्हटलं, आता त्यापुढचं तरी सगळं विचारून करू. तुझं काही वाईट व्हायला नको म्हणून."

"माझं?"

"शेवटचा डावा तुझ्यावरच होता. ही मुलगी घरात आणू का, असा प्रश्न होता. नाही आला. मी आणली. मग तू पहिल्यांदा आजारी पडलीस, कावीळ झाली, आठवतं? तेव्हा मी इथं आलो होतो. तुला म्हटलं, कॉलेजची ट्रीप आहे. दाजीला म्हटलं, काय करायचं ते सांग, पण तिला काही होऊ देऊ नको. नानूकाका म्हणाले, पुढं कुठलीही गोष्ट देवाला विचारल्याशिवाय करायची नाही, तर निभेल. मी हो म्हटलं."

"आणि डॉक्टरीणबाई?"

त्यानं रहाटाची दोरी घट्ट धरली.

"जयवंत, उपचार कर म्हणून ती बाई दोन वर्षं सांगत होती."

"त्यात इंजेक्शनं होती. भूल द्यायची होती. काही कमीजास्त झालं असतं तर?"

"मला जे झालं ते विचारत बसल्यामुळे झालं," मी म्हटलं. "तीन डाव्यांनी मला काही केलं नाही. तुझ्या बाकीच्या कौलांनी केलं. मी इतकी वर्षं समजत होते की तुला स्वतःचं काही मतच नाही. तुला होतं. एकदा होतं. ते तू मला सोडून सगळ्या गावाला माहीत करून दिलंस."

"तुला सांगितलं असतं तर तू सोडून न जाता थांबली असतीस का?"

"आता विचारतोस? तेही मलाच?"

हे मी फार मोठ्यानं म्हटलं असणार, कारण रस्त्यानं सायकलवरून जाणारा माणूस उतरून उभा राहिला. सासूबाई पारावरून उठून आल्या होत्या. "हळू बोला रे," त्या म्हणत होत्या, पण ऐकू यावं म्हणून जवळही सरकत होत्या. नानूकाका पंचा सावरत मध्ये पडले. बायकोनं नवऱ्याला चारचौघांत असं बोलू नये, यावर त्यांनी सुरुवात केली. मी त्यांना म्हटलं, आत्ता चारचौघांत माझ्या कुशीचा विषय काढणारे तुम्हीच होता. दाजी चहाची बशी हातात धरून मान हलवत होता, एकदा माझ्या बाजूनं, एकदा त्यांच्या.

आणि मग नानूकाकांचा चेहरा बदलला.

"दाजी," ते म्हणाले, "आत कोण आसा?"

 दाजीनं मागं पाहिलं. सगळे इथंच होते. रेशन दुकानवाला, शाळेचे शिपाई, म्हातारी माणसं, सगळे. आमचं भांडण ऐकायला एकूण एक माणूस बाहेर आला होता. कौल लावलेला असताना देवासमोर कुणीतरी बसून राहावंच लागतं.

दाजी बशी खाली ठेवून पळाला. आम्ही मागोमाग.

पाषाण मोकळा होता. दोन्ही पाकळ्या खाली, तांदळाच्या आणि पाण्याच्या ओलीत, एकमेकींना चिकटून पडल्या होत्या.

दाजी गुडघ्यावर बसून पाकळ्यांवर वाकला. मग सगळे एकदम बोलू लागले.

"उजवी खाली आसा, डावी तेच्यावर. म्हणजे उजवी आधी."

"तू खयची उजवी आणि खयची डावी ता कसा ओळखतस? दोन्ही एकाच फुलाची."

"पाल गेली असतली."

"पाल काय दोन्हीकडून जाता?"

"परत लाव, दाजी."

"परत कसो लावू?" दाजी घाम पुसत म्हणाला. "एका गोष्टीचो कौल सालात एकदाच. तुमका म्हायत नाय?"

"लग्नाला तीनदा लावला होता ना?" मी विचारलं.

"ता तीन सालात," दाजी म्हणाला. "पहिलो लावलो तेव्हा तुमची ओळख पण नसात. खयचा पण घाटावरचा चेडू चलात काय, असो इचारलो होतो. दुसरो दुसऱ्या सालात. तिसरो तुमचा नाव घेवन."

नानूकाका आणि दाजी यांची खडाजंगी जुंपली. कुणाचा मान, कुणाची जबाबदारी, गुरवानं जागा सोडली कशी, मानकऱ्यानं सोडली कशी. दाजीचा मोबाइल पुन्हा वाजला आणि त्यानं तो चिडून बंद केला. सासूबाई खांबाला धरून खाली बसल्या.

"जयवंत," त्या म्हणाल्या, "आता काय करूचा?"

सगळी माणसं जयवंतकडे बघू लागली. मीही. तो पाकळ्यांकडे बघत होता. उन्हं पायरीवर आली होती. इतकी माणसं, आणि त्याच्याऐवजी बोलू शकेल असं कुणीही नव्हतं. मला त्या क्षणी त्याची दया आली असती, जर दुपारची एसटी चुकायची भीती नसती तर.

"सोमवारी मी कोर्टात येतो," तो म्हणाला.

"येऊन काय सांगणार?" मी विचारलं.

"येतो," तो म्हणाला. आणि चपला घालून घराकडं निघून गेला.

सोमवारी तो आला. वेळेच्या आधी आला होता. माझ्या वकील हुपरीकरबाईंनी त्याला पाहून सुटकेचा निःश्वास टाकला आणि मला म्हणाल्या, "चला, आला बाबा एकदाचा. दोन मिनिटांचं काम आहे." इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. तो माझ्या शेजारच्या बाकावर बसला.  त्याच्या हातात फोन नव्हता, हे मी पाहिलं. एरवी तो अस्वस्थ असला की फोन हातात घेऊन आईचा नंबर काढून बसायचा.

पुकारा झाला. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी आधी मला विचारलं. कुणाच्या दबावाशिवाय, स्वखुशीनं संमती आहे का? मी हो म्हटलं. मग त्यांनी जयवंतला विचारलं.

"नाही," जयवंत म्हणाला.

त्यांनी मान वर केली. "नाही म्हणजे? कुणाचा दबाव आहे का तुमच्यावर?"

"दबाव नाही. संमती नाही."

"कुणाशी बोलायला वेळ हवाय का? वकिलांशी? घरच्यांशी?"

"नको."

हुपरीकरबाईंनी माझ्या कोपराला हात लावला. न्यायाधीशबाईंनी लघुलेखकाला काही सांगितलं, आमचा अर्ज फेटाळला गेला, आणि पुढच्या जोडप्याचा पुकारा झाला. सगळं मिळून दोन मिनिटंच लागली.

कोर्टाच्या पायऱ्यांवर मी त्याला गाठलं. मी कोल्हापूरकडची आहे आणि शिव्या मला येतात. त्या मी घातल्या. त्यानं त्या उभं राहून ऐकून घेतल्या. आजूबाजूच्या वकिलांनीही ऐकल्या. इतक्या वर्षांत पडद्यांचा रंग ठरवता आला नाही, आणि ठरवलंस ते हे? माझी वाट अडवायचं? 

"मग आता?" मी विचारलं. "मी परत येऊन राहू असं म्हणतोयस? की नुसतं कागदावर बायको राहू? काय म्हणणं काय आहे तुझं?"

त्यानं रुमालानं मान पुसली.

"एवढंच ठरवलं होतं," तो म्हणाला. "पुढचं नाही ठरवलं."

मी रिक्षा करून संघावर गेले. दुपारचे टँकर आले होते. त्यातला एक मी परत पाठवला. ड्रायव्हर म्हणाला, मॅडम, आज फार कडक आहात.

याला आता नऊ वर्षं झाली. हुपरीकरबाईंनी मला स्वतंत्र दावा लावायला सांगितलं. त्याची तयारीही करून दिली. तो दावा मी अजून लावलेला नाही. का लावला नाही, असं लोक विचारतात, आणि मी त्यांना विषय बदलायला लावते. मी माझ्या घरी राहते, तो त्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, रंकाळ्याच्या पलीकडच्या बाजूला. सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. मी बाराव्याला गेले होते. तिथं नानूकाका माझ्याशी बोलले नाहीत. दाजीनं विचारलं, वहिनी, मगे शेवटाक काय झाला? मी सांगितलं, काही नाही. जयवंत अधूनमधून येतो. गॅसच्या शेगडीची नळी बदलून जातो, गिझर बघतो. चहा घेतो, थोडा वेळ बसतो आणि जातो. गावाकडे तो त्यानंतर कौल लावायला गेलेला नाही, असं दाजीचं म्हणणं आहे. जयवंतनं स्वतःहून ते सांगितलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही.

गेल्या महिन्यात तो पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाला. गावी जाऊन राहणार की कोल्हापुरातच, असं मी त्याला फोनवर विचारलं. तो म्हणाला, त्याबद्दल तुझ्याशी बोलायचं आहे, रविवारी येतो. रविवारी तो आला. जेवला. तासभर बसला. पावसाचं, पेन्शनचं, नव्या प्राचार्यांचं बोलला. जिना उतरताना मधल्या वळणावर थांबून त्यानं वर पाहिलं. मी दारात उभी होते. मग तो खाली गेला.

त्याच्या फ्लॅटचा करार या महिनाअखेर संपतो. घरमालकाचा काल मला फोन आला होता. माझा नंबर जयवंतनंच त्यांना देऊन ठेवलाय. करार वाढवायचा की फ्लॅट रिकामा होणार, हे साहेबांनी अजून सांगितलेलं नाही, असं ते म्हणाले. मलाही त्यानं अजून काही सांगितलेलं नाही.